सेक्टर १० चे कॉफी हाऊस : एका सार्वजनिक बैठकीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा आमच्याकडून अपेक्षित असावा. तथापि ते कार्य आमच्याहून अधिकारी अशा ज्येष्ठांनी करावे, हेच उचित. आम्ही येथे एका अशा जागेचा इतिहास सांगू इच्छितो, की जिचा मंडळाच्या इतिवृत्तात कोठेही उल्लेख नाही, परंतु जिच्यावाचून मंडळाची पुष्कळशी कामे अडून राहिली असती. ती जागा म्हणजे आपल्या सेक्टर १० मधील इंडियन कॉफी हाऊस. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत फायली चाळण्यात ज्याची हयात गेली असा एक साधा बी. ए. माणूस. त्यामुळे विवेचनात काही उणे राहिल्यास सुज्ञ वाचकांनी ते पदरी घ्यावे.

घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला तिसरी एक जागा लागते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी ग्रंथ न लिहिताच ओळखली होती. गावात वडाचा पार होता, चावडी होती, देवळाचा सभामंडप होता. तेथे जाण्यास निमंत्रण लागत नसे आणि उठून जाण्यास परवानगी लागत नसे. इंग्रजांच्या गावात हेच काम तेथील मद्यगृह करी. त्याला ते ‘पब’ म्हणतात, म्हणजे ‘पब्लिक हाऊस’, सार्वजनिक घर. जॉर्ज ऑर्वेल या लेखकाने १९४६ साली लंडनच्या एका वृत्तपत्रात आदर्श पब कसा असावा यावर एक छोटा लेख लिहिला होता. तेथे बोलणे ऐकू येईल इतपत शांतता असावी, वाढणाऱ्यांनी गिऱ्हाइकांना नावाने ओळखावे, नित्याच्या मंडळींची नित्याची खुर्ची असावी आणि लोकांनी पेयाइतकेच गप्पांसाठी यावे, अशी त्याची अपेक्षा होती. लेखाच्या शेवटी त्याने प्रांजळपणे कबूल केले, की असा पब प्रत्यक्षात कोठे नाही. आम्ही दारूच्या गुत्त्याची भलामण करीत आहोत, असा ग्रह कृपया कोणी करून घेऊ नये. परंतु तो लेख वाचताना आम्हांस राहून राहून वाटले, की या गृहस्थाने मद्याचा हट्ट सोडून भिलाईस येण्याचे मनावर घेतले असते, तर त्याचा शोध बहुतांशी संपला असता.

गोव्यात ही जागा तावेर्नाने भरून काढली. मुंबई-पुण्यात ती इराण्याने भरून काढली. संगमरवरी टेबल, काळी लाकडी खुर्ची आणि एका चहावर तासभर बसू देणारा मालक यांवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. मुंबईचे कयानी १९०४ चे, पुण्याचे कॅफे गुडलक १९३५ चे. परंतु इराणी रेल्वेच्या वाटेने इकडे पूर्वेस फारसा सरकला नाही. आपल्या वाट्याला आले ते कॉफी हाऊस. आणि त्याची जन्मकथा इराण्याच्या कथेइतकीच, किंबहुना तीहून अधिक, जाणून घेण्यासारखी आहे.

कॉफीगृह ही संस्था मूळची पश्चिम आशियातील. सोळाव्या शतकाच्या मध्यास ती इस्तंबूलमध्ये रुजली आणि १६५२ च्या सुमारास लंडनला पोहोचली. एका पेल्याच्या किमतीत कोणीही कोणाशेजारी बसावे, हा तेथला रिवाज. एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांच्या बातम्या सांगता सांगता विम्याचा जगप्रसिद्ध व्यवसाय उभा राहिला. अशा मोकळ्या बैठकांची सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटते, हेही तेव्हापासूनचे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ च्या डिसेंबरात सर्व कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. लोकांचा संताप पाहून थोड्याच दिवसांत त्याला ते मागे घ्यावे लागले. पुढे तीनशे वर्षांनी, आणीबाणीच्या काळात, दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील कॉफी हाऊस पाडण्यात आले, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

भारतात कॉफीचे बी बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोखा बंदरातून लपवून आणले आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावले, अशी आख्यायिका आहे. मळे वाढले, परंतु १९३० नंतरच्या जागतिक मंदीत भाव कोसळले आणि मळेवाल्यांचा माल पडून राहू लागला. तेव्हा १९३५ च्या कायद्याने कॉफीवर उपकर बसवून एक समिती नेमण्यात आली. देशातल्या लोकांना कॉफीची गोडी लावावी, या हेतूने तिने १९३६ साली मुंबईत चर्चगेट येथे पहिले ‘इंडिया कॉफी हाऊस’ उघडले. या अखिल भारतीय संस्थेचा पहिला पाट असा महाराष्ट्राच्या भूमीवर मांडला गेला, याचा आपल्याला थोडा अभिमान वाटण्यास हरकत नाही. पुढे कॉफी बोर्डाच्या अमलाखाली ही गृहे अनेक शहरांत निघाली. कलकत्त्यातील अल्बर्ट हॉलमधले तर १९४२ पासून विद्यार्थ्यांचे आणि साहित्यिकांचे माहेरघरच होऊन बसले. आपले बंगाली शेजारी त्याचे नाव काढताच कसे हळवे होतात, हे भिलाईत कोणास सांगावयास नको.

पन्नासाच्या दशकाच्या मध्यास बोर्डाने ही गृहे बंद करण्याचे ठरविले आणि वाढपी, आचारी, भांडी विसळणारे असे शेकडो कामगार रस्त्यावर येण्याची वेळ आली. अशा प्रसंगी लोकसभेतील साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सल्ला दिला, की नोकरीची भीक मागण्यापेक्षा तुम्हीच सहकारी संस्था काढा आणि ही गृहे चालवा. त्याप्रमाणे १९ ऑगस्ट १९५७ रोजी बंगळूरला पहिली कामगार सहकारी संस्था स्थापन झाली आणि २७ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीत सहकारी तत्त्वावरचे पहिले कॉफी हाऊस उघडले. ‘इंडिया’चे ‘इंडियन’ झाले ते या वेळी. मध्य प्रदेशात आणि आज छत्तीसगडात जी कॉफी हाऊसे आहेत, ती चालविणारी संस्था जबलपूरची. सेक्टर १० चे आपले कॉफी हाऊस त्याच कुटुंबातले.

सहकाराची ही हकीकत आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितली. पांढराशुभ्र पोशाख, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा घालून जो गृहस्थ आपल्यासमोर पाण्याचा पेला ठेवतो, तो नुसता चाकर नव्हे. तो त्या संस्थेचा भागीदार आहे. एका कॉफीवर दीड तास बसलेल्या गिऱ्हाइकाला उठविण्याची घाई त्याला कधी होत नाही, याचे एक कारण हे असावे. दुसरे कारण आम्हांस अधिक जवळचे वाटते. या वाढप्यांपैकी पुष्कळजण केरळातले. घर सोडून हजार-बाराशे मैलांवर राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. परक्या मुलखात परक्यांना बसावयास जागा देणारा हा माणूस स्वतःच परमुलखातला.

आता भिलाईकडे वळू. मराठी माणूस या प्रदेशाला नवा नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठीच. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. येथून जवळच राजनांदगावला आयुष्याची अखेरची वर्षे शिकविणारे हिंदीचे थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या घरची भाषाही मराठीच होती.

परंतु भिलाईतील मराठी वसाहतीची कथा याहून निराळी आणि काहीशी चमत्कारिक आहे. पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या दिवशी दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्याच्या दोन राजभाषांपैकी एक मराठी होती. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग भोपाळच्या मध्य प्रदेशात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हा नागपूर-भंडाऱ्याकडून नोकरीस आलेली माणसे परप्रांतीय ठरली होती. नागपूर तेवढेच अंतर राखून होते, दुर्गापासून रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर. सरहद्द मात्र मधे येऊन बसली होती. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि आपला पत्ता पुन्हा एकदा बदलला.

कारखान्याची वसाहत आखीव होती. सेक्टरांना क्रमांक, प्रत्येक सेक्टरात शाळा आणि बाजार, रस्त्यांच्या कडेने झाडे. केरळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, बिहारी, ओडिया, मराठी आणि मूळचे छत्तीसगडी असे सारे येथे एकमेकांचे शेजारी झाले. भिलाईला लघुभारत म्हणतात ते यामुळे. तरी या आखीवपणाची एक दुसरी बाजू होती. क्वार्टर मिळे ते वेतनश्रेणीप्रमाणे. त्यामुळे आपला शेजारी कोण, हे आपली श्रेणी ठरवी. निवृत्तीबरोबर ते घरही सुटे. पाळ्या तीन. एकाच्या जेवणाची वेळ ती दुसऱ्याच्या झोपेची. अशा गावात हुद्दा, पाळी आणि प्रांत यांची चौकशी न करता कोणालाही खुर्ची देणारी जागा किती मोलाची होती, हे आजच्या तरुण वाचकांना सांगावे लागेल, ज्येष्ठांना नव्हे.

आम्ही १९९६ च्या पावसाळ्यात बदलीवर येथे आलो, तेव्हा कारखान्याशी आमचा संबंध नव्हता. खाते निराळे, त्यामुळे क्वार्टर नाही, ओळख नाही. एका लॉजवर मुक्काम होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस चुकविण्यासाठी कॉफी हाऊसमध्ये शिरलो आणि नागपूरचे आदल्या दिवशीचे वृत्तपत्र उघडून बसलो. बातम्या शिळ्या होत्या, अक्षर तेवढे आपले होते. थोड्या वेळाने पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, “तुमचं वाचून झालं असेल तर आतलं पान देता का जी?” आम्ही पान दिले. मग प्रश्न आला, “कोणत्या गावचे जी तुम्ही?” आम्ही गाव सांगितले. “मग असे एकटे काय बसले? इकडे या.”

त्या टेबलावर त्या दिवशी सहाजण होते. कोक ओव्हनमधील एक फोरमन, शाळेचे एक मास्तर, कारखान्यातील एक बडे अधिकारी, एक औषधविक्रेते, आणि मराठी उत्तम समजणारे पण बोलण्यास लाजणारे दोघे. एक बंगाली, एक तेलुगू. कोण किती मोठा, हे आम्हांस पुढे दोन महिने उमगले नाही. कारण फोरमन साहेबांना दटावीत आणि साहेब मुकाट्याने ऐकून घेत. आठवड्याच्या आत भाड्याच्या खोलीची सोय झाली. मंडळाच्या वर्गणीची आमची पहिली पावती त्याच टेबलावर, डोशाची बशी बाजूस सारून फाडली गेली. पुढे आम्ही पाहिले, की गणेशोत्सवातील नाटकाची पात्रयोजना तेथेच ठरे. स्त्रीपात्र मिळत नाही म्हणून नाटक बदलण्याचा निर्णयही तेथेच होई. कार्यकारिणीच्या सभेत जे ठराव एकमताने संमत झाल्याची नोंद आहे, त्यांची खरी भांडणे आधी कॉफी हाऊसमध्ये होऊन गेलेली असत. कोणाची मुलगी दाखवावयाची आहे, कोणाला रक्त हवे आहे, नागपूरला जाणाऱ्या कोणाबरोबर औषध पाठवावयाचे आहे, या गोष्टींसाठी सूचनाफलक लागला नाही. त्या टेबलाला कान होते.

इतिहास लिहावयाचा तर उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. ते टेबल पुरुषांचे होते. आमच्या भगिनीवर्गाने कॉफी हाऊस पाहिले ते कुटुंबासमवेत, पगाराच्या आठवड्यात, मुलांना मसाला डोसा खाऊ घालण्यापुरते. त्यांची बैठक हळदीकुंकवाची आणि भिशीची. तिचा इतिहास कोणी भगिनीने लिहावा, तो याहून रसाळ होईल. शिवाय एका पेल्याची किंमत कितीही माफक असली, तरी रोजंदारीवरील माणसाला ती रोज परवडे, असे नव्हते.

आमच्या मधल्या काळात दोन बदल्या झाल्या आणि योगायोगाने पुन्हा येथेच येणे झाले. तोपर्यंत चित्र पालटले होते. कारखान्यातील कायम नोकऱ्यांची संख्या वर्षानुवर्षे घटत गेली. निवृत्त झालेले काहीजण नेहरूनगर, स्मृतिनगर, रिसाली या बाजूंस स्थायिक झाले, काही नागपूर-पुण्यास मुलांकडे गेले. सहा-सात जणांचे आमचे टेबल तिघांवर आले. फोरमन आता नाहीत. त्यांच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसले, की वाढप्याची नजर आमच्याकडे वळते आणि आम्ही मान हलवितो, की बसू द्या.

येथे एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, जरी ती आमच्या लौकिकात भर घालणारी नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीत होतो. गणेशोत्सवातील महाप्रसादाच्या दिवशी प्रवेशद्वाराशी कुपने तपासण्याचे काम आमच्याकडे होते. पंचविशीचा एक तरुण आला. अंगावर कामावरचे कपडे, हातात हेल्मेट. आम्ही विचारले, “सभासद आहात का? पावती आहे?” आवाज चढविला नव्हता, हिशेब चोख ठेवावा, एवढाच हेतू होता. तो “नाही” म्हणाला, क्षणभर आत पाहिले आणि निघून गेला. मागे रांग होती. आम्ही पुढचे कुपन घेतले.

आठवड्याने तो आम्हांस कॉफी हाऊसमध्ये दिसला. कोपऱ्यात एकटा होता. त्याने काही मागविण्याच्या आधीच त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला गेला होता. आमचे धैर्य होईना. शेवटी उठून त्याच्या टेबलाशी गेलो आणि त्या दिवसाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो संकोचून उभा राहिला. भंडाऱ्याकडचा होता, एका ठेकेदाराकडे चार महिन्यांच्या कामावर आलेला. म्हणाला, “काही नाही काका. जेवायला नव्हतो आलो. रस्त्यानं जाताना मराठी ऐकू आली, म्हणून आलो होतो.”

त्याने आमच्याबरोबर कॉफी घेतली. पुढे दोन-तीनदा भेटला. मंडळात या, असे आम्ही प्रत्येक वेळी सांगितले आणि तो प्रत्येक वेळी “येईन” म्हणाला. आला नाही. ठेका संपल्यावर तो कोठे गेला, आम्हांस ठाऊक नाही.

या प्रसंगावर आम्ही पुष्कळ विचार केला. नियम चुकीचा नव्हता. पन्नास वर्षे संस्था चालते ती पावत्यांवरच. परंतु १९९६ साली आमच्याकडे तरी कोणती पावती होती? आम्हांस आधी खुर्ची मिळाली आणि मग पावती. त्या मुलाकडे आम्ही आधी पावती मागितली. एवढाच काय तो फरक, आणि मंडळाचा सगळा प्रश्न त्यात आहे, असे आमचे नम्र मत आहे. पूर्वी भिलाईत येणारा मराठी माणूस कायम नोकरीवर, कुटुंबासह, तीस वर्षांसाठी येई. आज येणारा ठेक्यावर, एकटा, काही महिन्यांसाठी येतो. तो वर्षाची वर्गणी भरणार नाही, नाटकात काम करणार नाही, स्मरणिकेत त्याचे छायाचित्र येणार नाही. परंतु मराठी ऐकण्याची त्याची भूक आमच्या त्या पावसाळी संध्याकाळच्या भुकेहून कमी आहे, असे मानण्यास आधार नाही.

मंडळ आणि कॉफी हाऊस यांत डावे-उजवे करण्याचा आमचा हेतू नाही. कॉफी हाऊस सण साजरा करू शकत नाही, मुलांना भाषा शिकवू शकत नाही, अडल्यानडल्याला मदतनिधी देऊ शकत नाही; ते मंडळच करते आणि पन्नास वर्षे करीत आले आहे. परंतु मंडळाचे दार कार्यक्रम असेल तेव्हा उघडते आणि कॉफी हाऊसचे दार रोज उघडते. नवखा माणूस कोणत्या दिवशी गावात उतरेल, हे आपले कार्यक्रमपत्रक पाहून ठरत नाही.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आमची एक सूचना आहे, ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी. आठवड्यातून एक संध्याकाळ, समजा गुरुवारी सहा ते आठ, मंडळाचे दार उघडे ठेवावे. भाषण नको, अध्यक्ष नकोत, हार नकोत. दोन टेबले, पंधरा-वीस खुर्च्या, नागपूरची वृत्तपत्रे आणि कॉफीची एक किटली एवढी सामग्री पुरे. भगिनींसाठी वेगळी वेळ नसावी. तीच वेळ असावी. कोणाकडेही पावती मागू नये. पहिल्या वर्षाच्या कॉफीचा आणि वृत्तपत्रांचा खर्च आम्ही आनंदाने सोसू, आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसण्याचे कामही आम्हीच करू. त्या दाराचे आमच्याकडे थोडे देणे आहे.

ही व्यवस्था होईपर्यंत, भिलाईत नव्याने आलेल्या कोणा मराठी वाचकाच्या हाती ही स्मरणिका पडल्यास त्याने सेक्टर १० च्या कॉफी हाऊसमध्ये शनिवारी संध्याकाळी यावे. आम्ही तिघे तेथे असतो. वृत्तपत्र आदल्या दिवशीचे असेल. आतले पान मागून घ्यावे.